मर्फी : एक आडनाव, तीन घराणी

आयर्लंडमध्ये सर्वांत जास्त लोकांचे आडनाव मर्फी आहे. १८९० च्या जन्मनोंदींवरून काढलेल्या अंदाजात सुमारे ६२,६०० मर्फी निघाले. दुसऱ्या क्रमांकावरचे केली बरेच मागे होते. एवढे लोक एकाच मूळपुरुषाचे वंशज असतील अशी समजूत सहज होते. ती चुकीची आहे.

आपल्याकडे ‘कर’ लावून गावावरून आडनाव पडते, तसे आयरिश आडनाव पूर्वजाच्या नावावरून पडते. दहाव्या-अकराव्या शतकांत ही नावे वंशपरंपरागत होऊ लागली. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मूळ नाव मुरखा. त्यात ‘मुइर’ म्हणजे समुद्र आणि ‘काह’ म्हणजे लढाई, थोडक्यात समुद्रावरचा योद्धा. हे नाव तेव्हा अनेक घरांत ठेवले जाई, म्हणून आडनावही वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाले. वेक्सफर्ड आणि कार्लोच्या भागात पूर्वेकडच्या लेन्स्टर प्रांताच्या राजवंशाशी जोडलेले ‘ओ मुरखू’, दक्षिणेला कॉर्कमध्ये दुसरे ‘ओ मुरखू’, आणि उत्तरेला टिरोनमध्ये ‘मॅक मुरखू’. इंग्रजी कारकुनांनी तिन्हींना मर्फी करून टाकले. याउलट, ११६६ मध्ये हद्दपार झालेला आणि नॉर्मन सैन्याला आयर्लंडमध्ये बोलावणारा लेन्स्टरचा राजा डर्मट याच्या घराण्याचे नावही मुरखावरूनच आले, पण इंग्रजीत ते मॅकमरो झाले. स्पेलिंग सारखे म्हणून घराणे एक, स्पेलिंग वेगळे म्हणून घराणे वेगळे, हे दोन्ही तर्क इथे फसतात.

आयरिश भाषेत लग्न न झालेली मर्फी ‘नी वुरखू’ होते आणि मर्फीची बायको ‘इ वुरखू’. ‘म’ मऊ होऊन ‘व’ होतो. जुन्या आयरिश कागदांत स्त्रिया शोधताना हे माहीत नसेल, तर नोंद समोर असून सापडत नाही.

इंग्रज सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावात वेक्सफर्डमध्ये बूलावोगचे धर्मगुरू फादर जॉन मर्फी बंडखोरांचे नेते झाले आणि पकडले गेल्यावर टलो गावात त्यांना फाशी झाली. स्थलांतरितांबरोबर हे नाव अमेरिकेत पसरले. तिथे वैद्यकात ते दोनदा ठसले. शिकागोचे शल्यविशारद जॉन बेंजामिन मर्फी आयरिश आईवडिलांचे पुत्र. उजव्या फासळ्यांखाली बोटे दाबून रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचे. दुखून श्वास मध्येच अडला तर पित्ताशयाला सूज असल्याचा संशय घ्यायचा. ही ‘मर्फीची खूण’ आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही पाठ असते. विल्यम पॅरी मर्फी यांना घातक पंडुरोगावर यकृताचा आहार गुणकारी ठरतो या कामासाठी १९३४ चे नोबेल दोघांबरोबर विभागून मिळाले. ‘जे चुकू शकते ते चुकतेच’ हा मर्फीचा नियम अभियंता एडवर्ड मर्फी यांच्या नावाचा. १९४९ मध्ये एडवर्ड्स हवाई तळावरच्या रॉकेट-गाडीच्या चाचणीत मोजणीची उपकरणे उलटी जोडली गेली आणि नोंद काहीच मिळाली नाही, तेव्हाच्या त्यांच्या वैतागातून हा नियम आला. कॉर्कचे अभिनेते किलियन मर्फी यांना २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले.

भारतात हे आडनाव रेडिओमुळे घरोघरी पोचले. फ्रँक मर्फी यांनी १९२९ मध्ये सहकाऱ्यासह इंग्लंडमधल्या वेल्विन गार्डन सिटीत मर्फी रेडिओ ही कंपनी काढली. ओठांवर बोट ठेवलेले तिच्या जाहिरातीतले बाळ आपल्या आधीच्या पिढ्यांना चांगलेच आठवते.

मर्फींचा वंश शोधायचा तर आडनावापासून नव्हे, गावापासून सुरुवात करावी. डब्लिनचे अभिलेखागार १९२२ मध्ये जळाले आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग नष्ट झाला. पूर्ण शाबूत असलेल्यांत सर्वांत जुन्या त्या १९०१ आणि १९११ च्या. त्याआधीसाठी १८४७ ते १८६४ ची ग्रिफिथ यांची करासाठीची जमीन-घरांची मूल्यांकन नोंद, १८६४ पासूनची सर्वांसाठीची जन्म-मृत्यू नोंदणी आणि कॅथलिक चर्चच्या वह्या. एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, चार-पाच जॉन मर्फी भेटणे नेहमीचेच. तेव्हा बाप्तिस्म्याच्या नोंदीतले आईचे माहेरचे आडनाव आणि धर्ममातापित्यांची नावे जुळवून पाहावी लागतात.