ब्रामन गोवंश

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मुख्यतः टेक्सस आणि लुइझियाना या आखातकाठच्या राज्यांत, भारतीय वशिंडाच्या जनावरांपासून मांसोत्पादनासाठी तयार करण्यात आलेला गोवंश. युरोपीय गुरांना तेथील दमट उष्मा, गोचीड आणि गोचिडीतून पसरणारे ताप सोसत नसत. त्यावरचा उपाय म्हणून पशुपालकांची नजर भारताकडे वळली. 1854 मध्ये ब्रिटिश सरकारने लुइझियानातील मळेवाले रिचर्ड बॅरो यांना दोन भारतीय वळू भेट दिले. पुढील सुमारे सात दशकांत आलेल्या जनावरांची संख्या तीनशेहूनही कमी होती आणि त्यांत बहुतेक वळूच होते. त्यामुळे स्थानिक युरोपीय वंशाच्या गाईंवर पिढ्यानपिढ्या हेच वळू सोडून हा वंश उभा करावा लागला. 1924 मध्ये या वंशाच्या पैदासकारांची संघटना स्थापन झाली.

त्याच्या घडणीत कांकरेज, गीर आणि ओंगोल या भारतीय गोवंशांबरोबर कृष्णा खोऱ्यातील गुरांचाही वाटा आहे. सांगली परिसरापासून विजापूरपर्यंतच्या चिकट काळ्या रानात अवजड औते ओढण्यासाठी दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोपासलेल्या या जनावरांचे रक्त टेक्ससच्या कुरणांत पोहोचले, ही बाब आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही आणि ती ठाऊक असायला हवी.

खांद्यावरील वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, मोठे ओघळते कान आणि सैल कातडी ही या वंशाची ओळख. वशिंड हा मुख्यतः स्नायूंचा उंचवटा असून त्यात चरबीही मिसळलेली असते. आखूड, तुळतुळीत केसांवरून ऊन परावर्तित होते, काळसर कातडी त्यापासून रक्षण करते, तर विपुल घर्मग्रंथींमुळे अंग थंड राहते. पूर्ण वाढलेला वळू साधारण 725 ते 1,000 किग्रॅ., तर गाय 450 ते 635 किग्रॅ. भरते. वासरू मात्र जन्मतः जेमतेम 30 किग्रॅ.चे असल्याने विताना गाय सहसा अडत नाही.

मांसबाजारात जनावराचा भाव केवळ वजनावर ठरत नाही. कत्तलीनंतर डोके, कातडी व आतडी काढून उरलेल्या धडाचे जिवंत वजनाशी असलेले प्रमाण म्हणजे उतारा. स्नायूंत जाळीसारखी पसरलेली चरबी म्हणजे मार्बलिंग. ब्रामनचा उतारा चांगला असला, तरी मार्बलिंग कमी पडते आणि मांस तुलनेने चिवट राहते, कारण स्नायू मऊ करणाऱ्या विकरांना रोखणारे कॅल्पास्टॅटिन हे प्रथिन त्यात अधिक असते. वशिंड जितके उंच तितका वशिंडाच्या गुरांच्या रक्ताचा अंश अधिक, असे धरले जाते. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील प्रतवारीत धडावरील वशिंडाची उंची पट्टीने मोजली जाते, तर अमेरिकेत अँगस या युरोपीय मांसोत्पादक वंशाच्या मांसाच्या एका प्रमाणपत्रासाठी ती दोन इंचांच्या वर चालत नाही.

यामुळे शुद्ध ब्रामनपेक्षा त्याच्या संकरांना व्यापारी महत्त्व अधिक आहे. शॉर्टहॉर्न या युरोपीय वंशाशी संकर करून टेक्ससच्या किंग रँचवर तयार झालेल्या सांता गर्ट्रुडिसला 1940 मध्ये स्वतंत्र वंश म्हणून मान्यता मिळाली. ब्रँगस या दुसऱ्या संकरात तीन अष्टमांश ब्रामन आणि पाच अष्टमांश अँगस असतो.