सशाचा डोळा वाहतोय: गवताची धूळ की दाताचं मूळ?

आमच्या सशाच्या, कापशीच्या, उजव्या डोळ्याखालची लव ओली राहायला लागली, तेव्हा आमच्या घरात पहिला संशय तिच्या वाळलेल्या गवतावर गेला. पिशवी उघडली की तळाचा पिवळट भुगा उडायचा, आम्हालाच शिंका यायच्या, आणि ती तर त्यात तोंड खुपसून बसायची. मग आम्ही गवत कमी केलं आणि पेलेट, म्हणजे सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, वाढवल्या. डोळा वाहतच राहिला. पुढे सशांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांनी तिचं तोंड आतून तपासलं, कवटीचा एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की दुखणं दाढेचं होतं, आणि गवत तोडून आम्ही त्यात भर घालत होतो. ही चूक फार घरांतून होते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सशाच्या डोळ्याची रचना आधी समजून घ्यायला हवी. आपल्या प्रत्येक डोळ्याला पाणी वाहून जायला दोन बारीक छिद्रं असतात, एक वरच्या पापणीला आणि एक खालच्या. सशाला एकच असतं, खालच्या पापणीच्या आतल्या बाजूला. तिथून निघणारी अश्रुनलिका हाडातून वळणं घेत नाकात उतरते, आणि वाटेत वरच्या दाढांच्या आणि पुढच्या दातांच्या मुळांना अगदी खेटून जाते. सशाचे 28 च्या 28 दात आयुष्यभर वाढत असतात. ते झिजले नाहीत, तर समोरचा दात आडवा येतो आणि मग वाढ उलट दिशेला, मुळाकडे सरकते. मूळ नलिकेवर दाबलं की मोरी तुंबल्यासारखं होतं: डोळ्यात तयार होणारं पाणी नाकात न जाता गालावर ओघळतं.

धुळीचं कारण याहून साधं आहे. सशाचे डोळे मोठे, बाहेर आलेले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना. त्यात तो पापणी फार कमी वेळा मिटतो, तासाला जेमतेम दहा-बारा वेळा. त्यामुळे पडलेला कण लवकर निघत नाही, डोळा चुरचुरतो आणि पाणी येतं.

दोन्हीकडे दिसतं तेच, ओला गाल. फरक कळतो तो वेळेवरून आणि पाण्याच्या रूपावरून. धुळीचं पाणी पाण्यासारखंच पातळ आणि नितळ असतं, बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना येतं, नवीन गवत घातल्यावर किंवा केर काढल्यावर वाढतं, सोबत दोन-चार शिंका असतात. दाताचं पाणी बहुधा एकाच डोळ्याला येतं आणि गवत समोर असो वा नसो, दिवसभर झिरपतं. नलिकेत जंतू वाढले की ते दाट आणि दुधासारखं पांढरं होतं. असं पांढरं दिसलं, की धुळीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं.

तरी डोळ्याकडे बघण्याआधी ताटाकडे बघा, असं मी सांगेन. दात दुखणारा ससा भूक असूनही गवत टाळतो. पेलेट आणि कोथिंबीर खातो, पण गवताची काडी तोंडात घेऊन सोडून देतो. हनुवटी लाळेने ओली, लेंड्या लहान आणि कमी, खालच्या जबड्यावरून बोट फिरवलं तर कुठेतरी उंचवटा लागतो. धुळीने त्रासलेला ससा मात्र डोळे बारीक करूनही गवत खातच असतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून कॅलेंडरवर लिहिलं, तर ही घसरण खूप आधी कळते. आम्ही ते केलं नव्हतं.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते, पण डोळा पूर्ण उघडा असेल, पाणी नितळ असेल आणि खाणं नेहमीसारखं असेल तरच. आठवडाभर फक्त धुतलेलं गवत द्यायचं आणि रोज सकाळ-संध्याकाळ डोळा बघायचा. धूळ कारण असेल तर फरक दिसू लागतो. नाही दिसला तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगायचं: डोळ्यात थेंब देण्याआधी दाढाही बघा. दाढा खूप आत असतात, नुसते पुढचे दात पाहून त्यांची कल्पना येत नाही.

एका तिसऱ्या गोष्टीसाठी मात्र आठवडा सोडाच, एक दिवसही थांबू नये. डोळा अचानक मिटलेला, उघडायला तयार नाही, बुबुळावर निळसर-पांढरी झाक, असं दिसलं तर बहुधा काडी टोचलेली असते किंवा कुसळ अडकलेलं असतं. ‘दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ’ आपण म्हणीत वापरतो, पण आपल्या डोंगरउतारावरच्या कुसळी गवताचं टोक खरोखरच सुईसारखं असतं आणि पापणीखाली शिरलं की रुतत जातं. म्हणून स्थानिक गवत विकत घेताना कुसळं धरलेलं गवत घेऊच नका. डॉक्टर रंगाचा थेंब टाकून बुबुळावर जखम आहे का ते बघतात. घरात पडून असलेले माणसांचे डोळ्यांचे थेंब अशा वेळी घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर जखम चिघळते. आणि ॲमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं सशाला तोंडावाटे कधीही देऊ नका. त्याच्या पोटातले उपयोगी जिवाणू त्याने मरतात आणि ससा दगावू शकतो.

आता धूळ कमी कशी करायची ते. सगळ्यात आधी गवत पाखडणं, आणि तेही सशापासून लांब, गच्चीत किंवा गॅलरीत, तोंडाला रुमाल बांधून. मूठमूठ गवत उचलून झटकायचं. भोकं असलेली कपड्यांची प्लास्टिकची बास्केट यासाठी उत्तम, हलवली की भुगा खाली गळतो. पिशवी सशाच्या खोलीत उघडायची नाही आणि तळाचा भुगा ‘वाया जाईल’ म्हणून त्याच्यापुढे ओतायचा नाही. तो कुंडीत टाका.

झटकून भागलं नाही तर धुणं. यात दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. वरून पाणी शिंपडलं की धूळ काडीला चिकटून बसते, उडत नाही, पण सशाच्या तोंडात जातेच. बादलीत बुडवून, दोनदा खळबळून, रोवळीत निथळत ठेवलं की धूळ पाण्याबरोबर निघून जाते. बादलीतलं गढूळ पाणी पाहिलं की पुन्हा शिंपडायची इच्छा होत नाही. मिनिटभर पुरे. तासन् तास भिजवलं तर पोषणही पाण्यात उतरतं. ओलसर गवत बहुतेक ससे आनंदाने खातात, आणि पोटात पाणी जातं हा वेगळा फायदा.

पण ओल्या गवताचा धोकाही ध्यानात हवा. आपल्या हवेत ते काही तासांत आंबतं आणि बुरशी धरतं, आणि बुरशीचा त्रास धुळीपेक्षा वाईट. म्हणून एका वेळच्या खाण्याइतकंच धुवायचं आणि उरलेलं उचलून टाकायचं. पावसाळ्यात तर आधी पिशवीत नाक घालून वास घ्या. चांगल्या गवताला गोडसर वास असतो. कुबट वास आला, राखाडी ठिपके दिसले किंवा झटकल्यावर पांढरी पूड उडाली, तर ती धूळ नाही, बुरशी आहे, आणि ती धुऊन जात नाही. सगळा गठ्ठा फेकायचा. साठवायला कापडी पिशवी किंवा खोकं, जमिनीपासून उंच, भिंतीला न टेकवता.

गवताची जागाही बदलून बघा. बाजारात मिळणाऱ्या जाळ्या उंच टांगतात, ससा मान वर करून काडी ओढतो आणि सगळा भुगा थेट डोळ्यांत पडतो. उथळ टोपलीत, जमिनीवर ठेवलं की हे टळतं. खाली लाकडाचा भुसा पसरत असाल तर तो बंद करून वर्तमानपत्र घाला, कारण बरीच धूळ तिथलीच असते. लघवीचा कोपरा रोज साफ हवा, अमोनियाच्या वाफेनेही डोळे असेच चुरचुरतात. केर झाडूने न काढता ओल्या फडक्याने पुसा.

हिरवं गवत हा आणखी एक मार्ग, आणि तो आपल्याकडे फुकट आहे. हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, ताजी असताना तिच्यात धूळ जवळजवळ नसते आणि दातही झिजवते. औषध न फवारलेल्या, कुत्री न फिरणाऱ्या जागेवरची आणा, धुऊन द्या, सवय नसेल तर मुठीपासून सुरुवात करा. लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. भाताचा पेंढा स्वस्त पडतो म्हणून गवताऐवजी देऊ नका, त्यात पोषण फार कमी असतं.

गवत तोडू नका, हे मी पुन्हा का सांगतेय तेही लिहिते. गवताच्या पात्यांत सिलिका असते आणि काडी दाढांमध्ये डावी-उजवीकडे दळली जाते, त्यानेच दाढा झिजतात. पेलेट दोन चाव्यांत चुरतात. सशाच्या आहारात बारा महिने ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा गवताचा हवा. धुळीला भिऊन तो वाटा कमी केला की काही महिन्यांत धुळीचा डोळा दाताचा डोळा होतो, आणि एकदा लांबलेलं मूळ मागे जात नाही. उलट बाजूही तितकीच खरी: नलिका आधीच अरुंद झालेल्या सशाला थोडीशी धूळही सोसत नाही, कारण ती वाहून जायला वाट नाही. त्यामुळे निदान दाताचं आलं तरी गवत धुणं थांबवायचं नसतं. आणि ससा सलग बारा तास काहीच खात नसेल, तर डोळा विसरा आणि रात्र असली तरी डॉक्टर गाठा.

कापशीची नलिका डॉक्टरांनी सलाईनने धुतली, दाढांची टोकं घासली, आणि आता ठरावीक महिन्यांनी ते पुन्हा बघतात. सकाळी मी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून तिचा गाल पुसते, दोन डोळ्यांना दोन वेगळे बोळे, आणि लव कोरडी करते, नाहीतर खालची कातडी सोलवटते. रोवळीतलं गवत तोवर निथळलेलं असतं. ती त्यातली लांबात लांब काडी शोधून काढते आणि तोंडाच्या एका कोपऱ्यातून आत ओढत राहते.