खिंडींचे सायकलमार्ग

खिंडींचे सायकलमार्ग : डोंगररांगेच्या एका बाजूने जंगलरस्त्याने खिंडीपर्यंत चढून पलीकडच्या खोऱ्यात पायवाटेने किंवा दुसऱ्या जंगलरस्त्याने उतरणारे माउंटन बाइकचे मार्ग. मराठीत ‘घाट’ म्हटले की पायथ्यापासून पायथ्यापर्यंतचा सगळा चढउतार डोळ्यांपुढे येतो. ‘खिंड’ म्हणजे फक्त माथ्यावरची खाच. सायकलस्वाराच्या वाट्याला दोन्ही येतात, पण मार्ग आखला जातो तो खिंड धरून. शिखरावर गेलेल्याला बहुधा आल्या वाटेने परतावे लागते, खिंडीतून पलीकडे उतरता येते.

यांतले फार थोडे मार्ग सायकलसाठी काढलेले आहेत. रस्ता मुळात कोणासाठी झाला हे कळले, की चढ कसा असेल आणि उतारावर काय वाढून ठेवले आहे याचा बराचसा अंदाज येतो. लाकूडतोडीच्या ट्रकसाठी केलेला जंगलरस्ता भरलेल्या ट्रकला झेपेल असाच असतो : चढ सहसा १० ते १२ टक्क्यांच्या आत, वळणे ऐसपैस, दाबलेली खडी आणि डोंगराच्या अंगाला गटार. तो चढायला उत्तम, उतरायला मात्र कंटाळवाणा. शिवाय वळणावर साचलेली सुटी खडी पुढचे चाक हमखास सरकवते. असा रस्ता अनेकदा शेवटच्या तोडीपाशीच संपतो, खिंडीला पोचतच नाही. तिथून पुढे खेचरांची, मेंढपाळांची किंवा मिठाच्या व्यापाऱ्यांची जुनी वाट लागते. जनावराला चाकाची फिकीर नसल्याने ती थेट चढते, आखूड वळणे घेते आणि ओल्या जागी दगडी फरसबंदीवरून जाते. म्हणून जंगलरस्त्याने चढायचे आणि खेचरवाटेने उतरायचे, हा या मार्गांचा ठरलेला क्रम आहे. उलट दिशेने निघालेला माणूस अर्धा दिवस सायकल ढकलत राहतो.

तिसरा प्रकार लष्करी रस्त्यांचा. तोफा ओढायच्या असल्याने त्यांचा चढ बेताचा आणि बांधणी पक्की. स्कॉटलंडमधील कॉरियारिक खिंडीचा (सुमारे ७७० मी.) रस्ता जनरल वेड यांनी १७३१ मध्ये सैन्यासाठी काढला, त्याची नागमोडी वळणे आजही सायकलखाली येतात. इटलीच्या पश्चिम आल्प्समध्ये असे रस्ते चांगलेच उंचावर आहेत. कोल देल्ले फिनेस्त्रे खिंडीच्या (२,१७८ मी.) रस्त्याचा सूसा गावाच्या बाजूचा वरचा सुमारे ८ किमी. भाग खडीचाच असून २००५ मध्ये जिरो दितालिया ही शर्यतही त्यावरून गेली. जवळच्या आसिएत्ता रस्त्यावर तर सायकलस्वार कितीतरी वेळ २,००० मीटरच्या वरच असतो. पहिल्यांदाच खिंडीच्या मार्गावर जाणाऱ्याने सुरुवात अशा रस्त्यापासून करावी. नजारा तोच, पण जीव टांगणीला लागत नाही.

या छंदाचा इतिहास माउंटन बाइकपेक्षा जुना आहे. ब्रिटनमध्ये रफ-स्टफ फेलोशिप हा क्लब १९५५ मध्ये निघाला, तेव्हा त्याचे सदस्य साध्या टूरिंग सायकली खांद्यावर टाकून खिंडी ओलांडत. अमेरिकेत १९७६ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात राहते. कोलोरॅडोतील क्रेस्टेड ब्यूट गावची काही मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकलींवरून ३,८७२ मीटर उंचीची पर्ल खिंड ओलांडून ॲस्पेनला गेली. ॲस्पेनचे मोटारसायकलवाले त्याच खिंडीतून येऊन गावात मिरवून गेले होते, त्याला हे उत्तर होते असे सांगतात. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात वणवे विझवण्यासाठी काढलेल्या एका रस्त्यावर ‘रिपॅक’ ही उताराची शर्यत सुरू झाली. साधारण ३.४ किमी.त ४०० मीटर उतरताना मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि तो पुन्हा भरावा (इंग्रजीत ‘रिपॅक’) लागे, म्हणून हे नाव. १९७८ मध्ये गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ ही मरीनची मंडळी पर्ल खिंडीच्या फेरीला आली आणि दोन्ही गटांची गाठ पडली.

ग्रीस का जळे याचा हिशेब सोपा आहे. स्वार आणि सायकल मिळून ९५ किलो धरले, तर १,००० मीटर उतरताना सुमारे ९३० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. २० अंशांचे पावणेतीन लिटर पाणी उकळीला आणायला तेवढी पुरते. काही वाटा वारा आणि टायर उचलतात, उरलेली ब्रेकच्या माथी. आजच्या डिस्क ब्रेकला हे पेलते, पण सतत दाबून धरले तर तेही तापून ढिले पडतात. थोडे जोरात दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे, अशी सवय म्हणूनच लावतात. चढाचे गणित याहून संथ. पुढे ३० आणि मागे ५१ दात्यांचा गिअर असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.३५ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ५ किमी.च्या आतबाहेर, म्हणजे चालण्याइतकाच. पण १० टक्के चढावर तासाला जवळजवळ ५०० मीटर उंची गाठली जाते. मार्गाला लागणारा वेळ म्हणूनच किलोमीटरवरून काढण्यात अर्थ नाही, चढाईच्या मीटरवरून काढावा.

उंचीबरोबर हवा बदलते. दर १,००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरते, २,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट भरतो, तर नेपाळमधील थोरोंग ला (५,४१६ मी.) खिंडीत निम्म्यावर येतो. घामाने भिजलेला माणूस खिंडीतल्या वाऱ्यात पाच मिनिटांत गारठतो आणि पुढे तासभर पेडल न मारता उतरतो. कोरडा सदरा आणि बोटे झाकणारे हातमोजे पिशवीत वर ठेवायचे ते यासाठी. गारठलेल्या बोटांना ब्रेक नीट दाबता येत नाही. उत्तर गोलार्धात खिंडीची उत्तरेकडची बाजू सावलीत असल्याने तिथे बर्फ उन्हाळ्यातही रेंगाळतो. दक्षिणेकडून कोरड्या वाटेने वर आलेल्याला याची कल्पना माथ्यावर पोचल्यावरच येते. उन्हाळ्यात वादळी ढग दुपारनंतर जमतात, म्हणून जाणती मंडळी दुपारच्या आत खिंड मागे टाकतात.

वाट सायकलला खुली आहे का, हा प्रश्न सरहद्द ओलांडली की बदलतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला जवळजवळ सर्वत्र मुभा आहे. ऑस्ट्रियात जंगलात पायी फिरता येते, पण जंगलरस्त्यावर सायकल चालवायला मालकाची संमती लागते. टिरोल प्रांताने १९९७ पासून मालकांशी करार करून, मोबदला आणि विम्याची हमी देऊन बरेच रस्ते उघडले. जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये जंगलातील २ मीटरपेक्षा अरुंद वाटांवर सायकल चालवायला मनाई आहे. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याखाली राखलेल्या ‘वाइल्डरनेस’ क्षेत्रात सायकल चालतच नाही, त्यामुळे मार्गांना वळसा घालून जंगलरस्त्यांवर यावे लागते. नकाशाच्या ॲपवर कोणीतरी जाऊन आल्याची रेघ दिसते, एवढ्यावरून परवानगी गृहीत धरू नये. तोडीच्या हंगामात खुला रस्ताही बंद असतो आणि त्या काळी फाटकाखालून सायकल सरकवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. वळणावरून येणारा भरलेला ट्रक थांबत नाही.

अवघडपणासाठी आल्प्सभागात एस-० ते एस-५ ही मोजपट्टी रूढ आहे. एस-० म्हणजे गुळगुळीत वाट, एस-२ ला मोठे दगड आणि पायऱ्या सुरू होतात, एस-५ बहुतेकांनी पाहून सोडून द्यावी. ही मोजपट्टी फक्त वाटेचे तांत्रिक रूप सांगते. कडेला दरी किती खोल आहे हे तिच्यात येत नाही. खिंडीजवळच्या वाटांबाबत नेमके तेच आधी विचारावे लागते.

लांब पल्ल्याच्या मार्गांत उत्तर अमेरिकेचा ग्रेट डिव्हाइड मार्ग प्रामुख्याने जंगलरस्त्यांचा आणि कच्च्या रस्त्यांचा. तो खंडाचा जलविभाजक पुन्हापुन्हा ओलांडतो. आल्प्स आडवे ओलांडण्याचा प्रघात १९८० च्या दशकाच्या अखेरीस आन्दी हेकमायर यांच्या जर्मनीतील ओबरस्टडॉर्फ ते इटलीतील रीवा या मार्गाने पडला. स्वित्झर्लंडमधील आयगर शिखराची उत्तर भिंत १९३८ मध्ये पहिल्यांदा चढणाऱ्यांपैकी एक असलेल्या आन्डर्ल हेकमायर यांचे हे चिरंजीव. त्यांच्या मार्गावर पहिल्याच टप्प्यात श्रोफेन खिंड येते : कड्याच्या पोटातून गेलेली अरुंद वाट, धरायला तारेचा दोर, आणि सायकल खांद्यावर. १२-१३ किलोची सायकल तिथून नेता येते. २५ किलोच्या आसपासची विजेची सायकल घेऊन आलेल्यांना तिथे दुसऱ्याचा हात लागतो, किंवा खोऱ्यात उतरून लांबच्या रस्त्याने जावे लागते.