प्लेगचे क्रूस: साथीच्या दिवसांतल्या ख्रिस्ती प्रार्थनेची पार्श्वभूमी

वांद्र्याच्या रनवार, चिंबई, पाली या पाखाड्या, माझगावची माथारपाखाडी, गिरगावातली खोताची वाडी. या जुन्या वस्त्यांतून चालताना दर वळणावर एखादा क्रूस उभा दिसतो. त्या सगळ्यांना सरसकट ‘प्लेगचे क्रूस’ म्हणायची पद्धत पडली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. काही क्रूस पोर्तुगीज अमदानीतले आहेत. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या धामधुमीत मुंबईच्या उत्तरेकडच्या साष्टी बेटावरची अनेक चर्चेस मोडली आणि त्यांच्या आवारातले दगडी क्रूस दुसरीकडे हलवले गेले. काही क्रूस कुटुंबातल्या मृतांच्या आठवणीचे आहेत, तर काही निव्वळ कृतज्ञतेचे. मात्र १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्यानंतरच्या वर्षांत त्यांत मोठी भर पडली, आणि तिच्यामागची रीत मुंबईपेक्षा कितीतरी जुनी आहे.

साथीच्या काळात ख्रिस्ती माणसाने काय करायचं, हा प्रश्न तिसऱ्या शतकातच उभा राहिला होता. साधारण इ. स. २५० नंतर रोमन साम्राज्यात मोठी साथ पसरली. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याने तेव्हा आपल्या लोकांसाठी मृत्यूवर एक छोटा ग्रंथ लिहिला. ‘आम्ही श्रद्धाळू, मग आम्हालाही हा रोग का?’ हा लोकांचा सवाल त्याने टाळला नाही. देह सगळ्यांचा सारखाच, म्हणून रोगही सारखाच, असं त्याचं सरळ उत्तर होतं. श्रद्धा म्हणजे रोगापासून संरक्षण, हा समज त्याने तिथेच खोडला. कस लागतो तो धडधाकट माणूस आजाऱ्याची सेवा करतो की नाही, नातेवाईक आपल्या माणसांना धरून राहतात की नाही, इथे. पुढच्या साथींत चर्च या कसाला उतरलंही आणि कधी कधी साफ नापासही झालं.

मध्ययुगीन युरोपात प्लेगसाठी दोन संत पुढे आले: बाणांनी विंधलेला सेबॅस्टियन (सण २० जानेवारी) आणि मांडीवरची गाठ दाखवणारा रॉक (सण १६ ऑगस्ट), ज्याच्या पायाशी तोंडात भाकरी धरलेला कुत्रा असतो. रोगाला देवाचे बाण मानण्याची कल्पना ख्रिस्तपूर्व काळातली आहे, त्यामुळे सेबॅस्टियनची निवड त्या लोकांना उघड वाटत असावी. पोर्तुगीजांबरोबर हे दोघे गोव्यात आणि उत्तर कोकणात आले.

आपल्या विषयाला सगळ्यांत जवळचा दुवा मात्र इटलीतल्या मिलानचा आहे. १५७६ साली तिथे प्लेग आला आणि शहरभर लोकांना घरात कोंडून ठेवण्यात आलं. आर्चबिशप कार्लो बोरोमेओ याच्यापुढची अडचण व्यावहारिक होती: चर्चमध्ये गर्दी करता येत नाही आणि लोकांना मिस्साशिवाय, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेशिवाय, ठेवायचं नाही. त्याने चौकाचौकात वेद्या मांडल्या, क्रूस उभारले. लोक खिडकीत, दारात उभे राहून मिस्सा पाहत. दिवसातून ठरलेल्या वेळी घंटा वाजे आणि समोरासमोरच्या घरांतून लितानी या विनवण्यांच्या प्रार्थनेचा एक भाग इकडून, प्रतिसाद तिकडून म्हटला जाई. त्याने प्रायश्चित्ताची मिरवणूकही काढली. गर्दीने रोग वाढेल अशी भीती नगरच्या अधिकाऱ्यांना होती, म्हणून लोक अंतर राखून रांगेने चालले. प्रार्थना आणि संसर्ग यांची ही ओढाताण पुढे प्रत्येक साथीत दिसते.

मिलानहून ही रीत थेट मुंबईत आली असं म्हणता येणार नाही. पण पेच तोच होता आणि त्यावर सापडलेला तोडगाही बराचसा तोच.

मुंबईत प्लेगचं पहिलं निदान सप्टेंबर १८९६ मध्ये झालं, मांडवीत. ते करणारे डॉ. अकासिओ गाब्रियेल व्हिएगस हे गोव्यातल्या हडफड्याचे. मांडवी बंदराला लागून धान्याची गोदामं होती. धान्य तिथे उंदीर, आणि उंदरांच्या अंगावर पिसवा. पण रोग पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमों याने कराचीत १८९८ साली दाखवलं आणि सगळ्यांना पटायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर सरकारचा रोख घाणीवर होता. गटारं कार्बॉलिक आणि समुद्राच्या पाण्याने धुतली गेली, त्याने हुसकलेले उंदीर शेजारच्या घरांत शिरले. जोडीला घरझडती, आजाऱ्यांना उचलून इस्पितळात नेणं, आगगाडीत तपासणी. १८९७ च्या साथरोग कायद्याने या साऱ्याला बळ दिलं. लोक शहर सोडून गेले. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली.

पाखाड्यांत राहणारे बहुतेक ख्रिस्ती लोक शेतकरी, कोळी, ताडी काढणारे, नाहीतर सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत कारकुनी करणारे. यांतल्याच स्थानिक रोमन कॅथलिकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं होतं. बोलणं मराठीचं, प्रार्थना लॅटिन-पोर्तुगीज वळणाची. घरात उंदीर मरून पडू लागले की माणसं घर सोडून शेतात झोपड्या बांधून राहत. आजाऱ्याच्या घरी जायची सोय नाही, प्रेताला खांदा द्यायला चार माणसं मिळायची पंचाईत. अशा वेळी पाखाडीच्या तोंडाशी, उघड्यावर, संध्याकाळी एकत्र येण्याजोगी जागा म्हणजे क्रूस. काही ठिकाणी साथ येऊ नये म्हणून तो उभारला, काही ठिकाणी वाचल्यावर नवस फेडायला.

तिथे जे म्हटलं जाई ते कुणी साथीसाठी नव्याने रचलेलं नव्हतं. रोझरी, म्हणजे मण्यांवर मोजत म्हणायची प्रार्थना, तिच्या पाच दशका (दहा-दहा ‘नमो मरिया’चे गट): सुरुवातीचे तीन धरून एकूण ५३ ‘नमो मरिया’ आणि ६ ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. सावकाश म्हटलं तर वीस-पंचवीस मिनिटं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची पाच रहस्यं, म्हणजे मनात आणायचे येशूच्या दुःखाचे प्रसंग, घ्यायची: गेथशेमानेतली वेदना, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं, मरण. त्यानंतर मरियेची लितानी, जिला गोव्यात लदीन म्हणतात. मोठ्या संकटात सर्व संतांची लितानी, आणि तिच्यात ‘आ पेस्ते, फामे एत बेल्लो’, म्हणजे साथ, दुष्काळ आणि युद्ध यांपासून, ‘लिबेरा नोस, दोमिने’, प्रभो, आम्हांला सोडव. पुढाऱ्याने एक ओळ म्हणायची, जमावाने ठरलेला प्रतिसाद द्यायचा. लिहिता-वाचता न येणारा, लॅटिनचं अक्षर न कळणारा माणूसही दुसऱ्या दिवसापासून त्यात पुरा सामील होतो. दुःखाने सुन्न झालेल्याला स्वतःचे शब्द शोधावे लागत नाहीत, हा या पद्धतीचा मोठा गुण. उणी बाजूही तीच. शब्द तोंडपाठ झाले की मन दुसरीकडे जातं, आणि घरात मयत झालेल्या माणसाशी वेगळं बोलायचं राहून जातं. लितानी झाली म्हणजे त्याची विचारपूस झाली असं होत नाही.

त्याच सुमारास पुण्यात वेगळ्या वळणाची ख्रिस्ती प्रतिक्रिया दिसली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली आणल्या होत्या. प्लेगमुळे इतक्या जणींना शहरात ठेवायला मनाई झाली, तेव्हा त्यांनी त्यांना केडगावच्या शेतावर हलवलं आणि तिथेच पुढे मुक्ती मिशन उभं राहिलं. पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना कसं वागवलं जातं याविषयी त्यांनी १८९७ मध्ये वर्तमानपत्राला जाहीर पत्र लिहिलं. ते सरकारला झोंबलं. प्रार्थना करणारी व्यक्ती गप्पच बसते, असं मानणाऱ्यांनी हे पत्र लक्षात ठेवावं.

पाखाडीतल्या क्रूसाचे भाग ठरलेले असतात. खाली दोन-तीन पायऱ्यांचा चौथरा. त्यावर चौकोनी बैठक, तिच्यात मेणबत्तीसाठी कोनाडा आणि दर्शनी बाजूला लेख: नाव, साल, कधी कारण. लेख बहुधा इंग्रजीत, क्वचित पोर्तुगीज किंवा मराठीत. वर क्रूस, माथ्याशी ‘आयएनआरआय’ ही चार अक्षरं, ‘नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा’ या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. जुन्या दगडी क्रूसांवर दुःखसहनाची साधनं कोरलेली असतात: शिडी, भाला, खिळे, हातोडा, पक्कड, फासे, कोंबडा. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारातला उंच एकसंध दगडी क्रूस हा याचा उत्तम नमुना. तो अर्थातच प्लेगच्या कितीतरी आधीचा. प्लेगच्या काळातले क्रूस बहुतेक साधे, विटा आणि चुन्याचे किंवा लाकडी.

त्यांची वाट लागते ती बहुधा प्रेमापोटी. दर सणाला पांढऱ्या ऑइलपेंटचा एक हात बसतो, वीस-तीस थर चढले की अक्षरं भरून सपाट होतात आणि साल वाचता येत नाही. चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, क्षार साचतात आणि पोपडे धरतात. लाकडी खांब सिमेंटमध्ये रोवला तर नेमका जमिनीलगत कुजतो. रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो, खालची पायरी गाडली जाते, पावसाचं पाणी बैठकीपाशी तुंबतं. मग कुणीतरी न्हाणीघराच्या टाइल्स लावतं आणि लेख कायमचा झाकला जातो. उपाय महागडे नाहीत. अंधारात टॉर्च अगदी बाजूने, दगडाला समांतर धरला तर बुजलेली अक्षरंही सावलीने उठतात, तेव्हा आधी फोटो काढून ठेवावेत. रंग लेप लावून सोडवावा, वाळूचा मारा करू नये. नंतर चुन्याचा हात द्यावा. नोंद हवीच, कारण जागेचा वाद निघाला की ‘हा क्रूस किती जुना’ हाच पहिला प्रश्न असतो आणि तोंडी परंपरा कागदापुढे टिकत नाही.

क्रूसाचा सण मे महिन्यात होतो. ख्रिस्ताचा मूळ क्रूस सापडल्याचा ३ मे हा सण रोमच्या सार्वत्रिक कॅलेंडरमधून १९६० साली वगळला गेला, १४ सप्टेंबरचा क्रूसाचा सण तेवढा राहिला. पण सप्टेंबरात मुंबईत पाऊस असतो, तर मे महिन्यात शाळांना सुट्टी आणि रात्री कोरड्या. पाखाड्यांनी मे सोडला नाही. नऊ दिवस नोव्हेना, दर संध्याकाळी एकेका घराकडे फुलं, मेणबत्त्या आणि चणे. चणे आदल्या रात्री भिजत घालून मीठ टाकून उकडायचे. किलोभर सुके चणे दुपटीहून जास्त भरतात. सोडा घातला तर सालं सुटून लगदा होतो, आणि गरम असतानाच डब्यात कोंबले तर रात्रीपर्यंत आंबतात.

मार्च २०२० मध्ये मुंबईतली चर्चेस बंद झाली तेव्हा रोझरी पुन्हा घरात आणि मोबाइलवर आली. क्रूसापाशी जमायलाही बंदी होती, म्हणजे प्लेगमध्ये जी सोय होती तीही या वेळी नव्हती. त्याच महिन्याच्या २७ तारखेला पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात प्रार्थना केली. त्यांच्यामागे सान मार्चेल्लो चर्चमधला लाकडी क्रूस पावसात उभा होता, १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून मिरवलेला.