जुना ट्रक घेताय किंवा चालवताय? दुरुस्तीच्या खर्चाबद्दल आमच्या वर्कशॉपकडून थोडं मोकळेपणाने

गाडी दाखवायला येणारा जवळपास प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारतो, की ही घेतली तर वर्षाला दुरुस्तीला किती जातील. आम्ही आकडा सांगत नाही म्हणून काहीजण नाराज पण होतात. आम्ही उलट विचारतो, गाडीची कोणती कामं झालीत आणि कोणती व्हायची राहिलीत? कारण खर्च गाडीच्या वयावर कमी आणि यावर जास्त ठरतो. आठ वर्षांची गाडी असेल पण क्लच, टायर, ब्रेक लायनिंग, पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) नुकतेच झालेले असतील तर ती बिनघोर चालते, आणि चार वर्षांची चकाचक दिसणारी गाडी, जिची हीच सगळी कामं तोंडावर आलीत (बरेचदा म्हणूनच ती विकायला निघालेली असते बरं का), ती पहिल्याच वर्षी घाम फोडते.

म्हणजे जुना ट्रक घेताना तुम्ही नुसती गाडी घेत नाही, तिची राहिलेली कामं पण घेता. ती कामं कोणती ते आधी कळलं तर भाव करता येतो, नंतर कळलं तर फक्त पैसे मोजता येतात.

बिल नेमकं कशाचं होतं

पार्ट, मजुरी आणि उभी गाडी. पहिल्या दोनांवर सगळे घासाघीस करतात, तिसऱ्याचा हिशोब कोणीच मांडत नाही. गाडी चार दिवस उभी राहिली की भाडं बुडतं, ड्रायव्हरचा पगार चालू राहतो, हप्ता असेल तर तोही थांबत नाही. बऱ्याच वेळा पार्टपेक्षा हेच जास्त होतं.

क्लचचं उदाहरण घ्या. रिलीज बेअरिंग आवाज करायला लागलं, ते बेअरिंग स्वतः काही फार महाग नसतं, पण तिथपर्यंत पोचायला अख्खा गियरबॉक्स खाली घ्यावा लागतो. आता गियरबॉक्स खाली आलाच आहे तर आम्ही म्हणतो क्लच प्लेट, प्रेशर प्लेट बघून घ्या, फ्लायव्हील जळलंय का बघा, मागचं क्रँक ऑइल सील गळत असेल तर आत्ताच टाका. इथे गिऱ्हाईकाला वाटतं वर्कशॉपवाला बिल वाढवतोय. पण प्लेट अर्धी संपलेली तशीच ठेवून गाडी बांधली तर काही महिन्यांनी तोच गियरबॉक्स परत उतरवायचा, तीच मजुरी परत द्यायची आणि गाडी परत उभी. जिथे खोलायचीच मजुरी मोठी आहे तिथे आजूबाजूची छोटी कामं सोबत उरकणं परवडतं, जिथे पार्ट बाहेरच्या बाहेर दोन बोल्टांत निघतो तिथे तो संपेपर्यंत वापरा, आम्ही काही म्हणणार नाही.

आणि तेच काम वर्कशॉपात ठरवून केलं तर वेगळं, रस्त्यात झालं तर वेगळं. टोइंग, माल दुसऱ्या गाडीत भरणं, मिळेल तो मिस्त्री आणि मिळेल तो पार्ट. शिवाय एक बिघाड दुसऱ्याला ओढून आणतो. पंख्याचा पट्टा तुटला, त्यावरच वॉटर पंप असेल तर कूलंट फिरायचं थांबतं, इंजिन तापतं, ड्रायव्हर म्हणतो अजून थोडं जाऊ, आणि हेड गॅस्केट जातं, कधी हेडच वाकतं. सुरुवात एका पट्ट्याची असते.

मीटरवर जाऊ नका, तास बघा

किलोमीटर सगळे बघतात. पण ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) असलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन किती तास चाललं ते पण निघतं, आणि ते जास्त बोलतं. किलोमीटरला तासांनी भागा. 3,00,000 किमी आणि 6,000 तास म्हणजे सरासरी ताशी 50, गाडी बहुतेक मोकळ्या रस्त्यावर चाललीय. तेच 3,00,000 किमी आणि 12,000 तास निघाले तर सरासरी 25, म्हणजे ट्रॅफिक, आयडलिंग, सारखा क्लच-ब्रेक. मीटर सारखंच, पण दुसरं इंजिन दुप्पट तास फिरलंय. आणि दोन्ही आकड्यांचा एकमेकांशी काहीच मेळ बसत नसेल तर मीटरला कोणी हात लावलाय का हे विचारायला हरकत नाही.

आयडलवर जास्त चालणाऱ्या गाडीचं ऑइल पण नुसतं किलोमीटर बघून बदलू नका, तास धरा.

इंजिन

सगळ्यात मोठं बिल इथेच असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी परत जा, कारण खरं दुखणं थंड स्टार्टलाच दिसतं. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचं) सील. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, कधी नुसता एअर फिल्टर चोक असतो आणि लोक घाबरून इंजिन खोलायला निघतात. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा वेळ आला तर चालतो, पण इंजिन गरम झाल्यावर पण येतच राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर पाणी आत जातंय.

मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. थोडी वाफ येणं वेगळं, पण जोरात फुसफुस हवा येत असेल, ज्याला मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर रिंगा आणि लायनर (ज्यात पिस्टन वर-खाली होतो ती नळी) झिजलेत आणि इंजिन कामाची तयारी ठेवा. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलवर ऑइल प्रेशर कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली जात असेल तर बेअरिंगा संशयात घ्या. नुसतं जाड ऑइल टाकून प्रेशर वर दाखवणारे पण असतात हे लक्षात असू द्या.

ऑइलचा नमुना लॅबला पाठवता येतो आणि इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही. लोखंड जास्त निघालं तर लायनर-रिंगांची झीज, सिलिकॉन जास्त म्हणजे बहुतेक वेळा हवेतून धूळ आत जातेय, सोडियम-पोटॅशियम दिसलं तर कूलंट मिसळल्याची शंका, डिझेल मिसळलेलं पण कळतं. एका रिपोर्टपेक्षा दर ऑइल बदलाला काढलेले दोन-तीन रिपोर्ट शेजारी ठेवले तर जास्त समजतं.

कूलंटच्या जागी साधं पाणी भरायची सवय मात्र खरंच सोडा. वेट लायनर इंजिनात, म्हणजे जिथे कूलंट थेट लायनरला लागून फिरतं तिथे, लायनरच्या बाहेरच्या बाजूला बारीक बुडबुडे फुटून फुटून खड्डे पडतात आणि शेवटी लायनरला आरपार भोक पडतं. योग्य कूलंटमधलं अ‍ॅडिटिव्ह हे थोपवतं, पाणी थोपवत नाही.

टर्बो गेला की लोक टर्बो बदलून मोकळे होतात. पण तो का गेला? ऑइलची नळी चोक होती, ऑइल वेळेवर बदललं नव्हतं, फिल्टरच्या पुढच्या होजमधून धूळ आत जात होती? कारण तसंच ठेवलं तर नवीन टर्बो पण जातो. कॉमन रेल इंजिनात (एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं ते) डिझेलचं प्रेशर 2,000 बारच्या आसपास जाऊ शकतं आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये असतात, तिथे पाणी किंवा कचरा अजिबात चालत नाही. वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढायला दोन मिनिटं लागतात, एवढं ड्रायव्हरला शिकवाच.

ओव्हरलोड केलेली गाडी ओळखा

धुऊन पुसून रंग मारलेली गाडी चांगलीच दिसणार, म्हणून खाली वाका. पाट्यांच्या हँगरजवळ चेसिसला क्रॅक आहे का, वेल्डिंग मारून वर रंग दिलाय का, रिव्हेट सैल होऊन भोवती गंज उतरलाय का. पाटे सपाट झालेत किंवा नवेच पाटे जास्तीचे भरलेत? पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, प्ले आला तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) किंवा चाकाचं बेअरिंग. रोलर बेअरिंगच्या आयुष्याचं जे गणित इंजिनिअर वापरतात त्यात भार फक्त 20 टक्के वाढला तरी आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून ओव्हरलोड चाललेल्या गाडीत हब, क्राउन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधले गियर), प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस सगळं एकामागोमाग येतं, मीटर कितीही कमी दाखवत असो. चेसिसला मोठा क्रॅक असेल तर आमचा सल्ला सरळ आहे, सोडून द्या.

युरियावाल्या गाड्या

धूर साफ करायला डीपीएफ आणि युरिया लागणाऱ्या गाड्यांना लोक फार घाबरतात. निम्मी भीती खरी आहे. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्यातली काजळी गरम होऊन जळून जाते पण त्यासाठी गाडी पुरेशी तापायला लागते, सारख्या छोट्या फेऱ्या असतील तर ते होत नाही आणि फिल्टर तुंबतो. राख मात्र जळत नाही, ती ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची असते आणि साठत जाते, म्हणून फिल्टर काढून साफ करायचं काम कधीतरी येणारच, आणि कमी राखेचं ऑइल सांगितलंय तर तेच टाका. युरिया म्हणजे डीईएफ, त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. घरी मिसळून बघायच्या भानगडीत पडू नका. डीईएफच्या टाकीत चुकून डिझेल गेलं तर गाडी चालू करू नका, आधी फोन करा, कारण एकदा पंप फिरला की बिल कित्येक पट होतं.

हे सगळं काढून टाकून द्या असं सांगणारे भेटतील. बहुतेक ठिकाणी ते बेकायदा आहे आणि आम्ही ते काम करत नाही. गाडी घेताना मात्र कोणी आधीच काढलंय का ते तपासा, कारण परत बसवायचा खर्च मोठा आहे.

ब्रेकचं थोडक्यात: हवा भरून इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा, हवेच्या प्रेशरचा काटा खाली येत राहिला तर गळती आहे. हवेच्या टाकीतून पाण्यासोबत ऑइल आलं तर कॉम्प्रेसर बघावा लागेल. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा, नक्षी चांगली असली तरी रबर म्हातारं असू शकतं.

महिन्याला किती बाजूला काढायचे

महिन्याने नको, किलोमीटरने काढा. क्लच, टायर, ब्रेक, पाटे, बॅटऱ्या, टर्बो, इंजिन काम असं एका कागदावर लिहा, प्रत्येकाचा खर्च आम्ही सांगतो, तो भागिले ते काम साधारण किती किलोमीटरने येतं. सगळ्यांची बेरीज केली की किलोमीटरमागे एक आकडा मिळतो, तेवढे पैसे प्रत्येक फेरीतून बाजूला. काही महिने काहीच खर्च होणार नाही आणि ते पैसे वापरायचा मोह होईल. गाडी नुकतीच घेतली असेल तर सुरुवातीला थोडी जास्त रक्कम ठेवा, कारण कोणत्या पार्टचं किती आयुष्य संपलंय ते आपल्याला नक्की माहीत नसतं.

लोकल पार्टला आमचा सरसकट विरोध नाही. आरसा, मडगार्ड, लाइट लोकल टाका. पण ब्रेक, स्टिअरिंग, इंजिनची बेअरिंगं आणि फिल्टर यात नाही.

आमच्याकडे गाडी दाखवायला आणताना आदल्या रात्रीपासून बंद असेल तर उत्तम, जमत नसेल तर आणून ठेवा आणि आम्ही सकाळी स्टार्ट करू. जुनी बिलं असतील तर सगळी आणा, तेलकट, फाटकी कशीही चालतील. आणि ड्रायव्हरला सोबत पाठवा, गाडी कुठे आवाज करते ते मालकापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.