शिंगरोबा मंदिर, बोरघाट

शिंगरोबा मंदिर : रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील रस्त्याकडेचे स्मृतिमंदिर. खोपोली सोडून जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने बोरघाट चढताना ते लागते. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराचे हे ठाणे मानले जाते.

मौखिक परंपरा अशी : सह्याद्री ओलांडण्याजोगी वाट इंग्रज अभियंत्यांना सापडेना. मेंढरे घेऊन रोज डोंगर चढणाऱ्या शिंगरोबाने ती दाखवली. बक्षीस काय हवे, असे साहेबाने विचारताच त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली. धनगर समाजात त्याला हुतात्मा मानतात.

ही वाट गाडीरस्त्याची की लोहमार्गाची, याविषयी मतभेद आहे. जनरल वेलस्लीने १८०४ मध्ये घाटरस्त्याची डागडुजी केली होती. चाकांच्या वाहनांसाठी बांधलेला रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये खुला झाला. मंदिर रस्त्यावरच असल्याने काही जण कथा या काळाशी जोडतात. मात्र घाटातून त्याआधीच तोफा व लष्कर जात असल्याने, रस्त्यासाठी वाट नव्याने शोधावी लागली असेल असे वाटत नाही. लोहमार्गाची अडचण निराळी होती. इंजिनाला झेपेल असा सलग चढ हवा होता. ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे’ने प्रथम माळशेज घाटाचा विचार केला, मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने तो सोडून बोर व थळ हे घाट निवडले. बोरघाटातील काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. सुमारे २५ किमी. लांबीत गाडीला सुमारे ५५८ मी. चढायचे होते, कमाल चढ ३७ ला १ होता. २५ बोगदे खोदावे लागले. एका ठिकाणी कडाच आडवा आल्याने गाडीची दिशा उलटी करणारे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधले गेले. ते १९२९ पर्यंत वापरात होते. अशा आखणीत कोणत्या सोंडेवरून जनावर चढते आणि कोठे कडा तुटतो, हे पायांनी जाणणारा माणूस मोलाचा ठरला असणार. म्हणून कथेचा लोहमार्गाशी जोडलेला पाठ अधिक संभाव्य वाटतो. स्वातंत्र्याच्या मागणीचा भाग मात्र राष्ट्रीय चळवळीच्या काळात जोडला गेला असावा.

घाटवाटांचे मूळ गुराख्या-मेंढपाळांच्या हंगामी वाटांत आहे, हे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी कार्ले परिसरातील भटकंतीतून मांडले होते. त्यांच्या मते व्यापारी मार्ग, लेणी आणि ग्रामदेवतांची ठाणी याच वाटांच्या आधाराने उभी राहिली. घाटमाथ्यावर वाघजाईसारख्या रक्षकदेवता सर्रास आढळतात. शिंगरोबाही आधी घाटाचा राखणदार असावा आणि वाटाड्याची कथा मागाहून त्याला चिकटली असावी, असाही तर्क करता येतो. पण वाटाड्या खरा असणे आणि पुढे त्याचाच देव होणे यांत विरोध नाही.

अशा कथा अन्यत्रही आहेत. केरळातील वायनाडमधील लक्किडी येथे साखळदंडाने बांधलेले झाड करिंथंडन या पणिय आदिवासी तरुणाच्या आत्म्याशी जोडले जाते. थामरसेरी घाटाची वाट दाखवल्यावर इंग्रजाने त्याला मारले, असे सांगतात. कालका–सिमला लोहमार्गाच्या (१९०३) आखणीत काठीने डोंगर ठोकून मार्ग सांगणाऱ्या बाबा भलकूच्या नावाने सिमल्यात रेल्वे संग्रहालय आहे. त्याच्या कथेत हत्या नाही. यावरून हत्येचा भाग हा दक्षिणेकडील घाटकथांमधला फिरता धागा असू शकतो. तथापि केवळ तेवढ्यावरून बोरघाटातील घटना काल्पनिक ठरवणे घाईचे होईल.

बोरघाटाच्या बांधकामात पटकीने व अपघातांनी असंख्य मजूर दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. साहेबांची नावे कागदोपत्री राहिली, मजुरांची राहिली नाहीत. त्यामुळे स्थानिक माणसाचे नाव घेऊन उभ्या असलेल्या या छोट्या मंदिराचे मोल मोठे आहे.

घाट चढणारे ट्रकचालक येथे नारळ फोडतात किंवा गाडीचा वेग कमी करून खिडकीतूनच नाणे टाकतात. द्रुतगती मार्ग झाल्यापासून बरीच वाहतूक तिकडे वळली. जुन्या रस्त्याने जाणाऱ्यांत ही प्रथा अद्याप आहे.