उरावर कोण बसतं?

माझा भाचा अंबडच्या एमआयडीसीत कामाला आहे. दर आठवड्याला पाळी बदलते. गेल्या पावसाळ्यात रात्रपाळी करून सकाळी साडेआठला तो सिडकोतल्या घरी आला आणि आडवा झाला. पुढे जे घडलं ते त्याने मला चार दिवसांनी सांगितलं, तेही आई स्वयंपाकघरात गेल्यावर, हळू आवाजात.

"मामा, डोळे उघडे होते माझे. पंखा दिसत होता. आई बाहेर फोनवर बोलत होती, तेही ऐकू येत होतं. हाक मारायला गेलो तर आवाजच फुटेना. बोटसुद्धा हलेना. आणि कपाटाजवळ कोणीतरी उभं होतं. ते आलं आणि छातीवर बसलं."

घरात कुणकुण लागलीच होती. उशाखाली अडकित्ता आला. त्याच्या येण्याच्या वाटेवर पिंपळ आहे, म्हणून शेजारच्या काकूंनी मुंजाचं नाव घेतलं. कंपनीतला मित्र म्हणाला, "मनाचे खेळ आहेत रे, सोड." काकूंचं निदान चुकीचं होतं, पण त्यांनी निदान पोराचं सगळं ऐकून तरी घेतलं. मित्राने तेवढंही केलं नाही. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. त्यात अंग खरोखरच हलत नाही.

रात्रभर आपण एकसारखे झोपत नाही. साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीच्या शेवटाकडे एक वेगळीच झोप येते. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी ती नोंदवली. बंद पापण्यांखाली डोळे भराभर फिरत होते आणि तेव्हा उठवलेली माणसं स्वप्न सांगत होती. हीच रेम झोप. पुढे फ्रान्समध्ये मिशेल जुवे यांनी मांजरांवर प्रयोग केले. या झोपेत मेंदू जागा असल्यासारखा काम करतो, पण मांजराचे स्नायू पार लुळे पडतात, हे त्यांना दिसलं. मेंदूच्या बुंध्यातला एक ठरावीक भाग निकामी केल्यावर मात्र तीच मांजरं झोपेतच उठली आणि समोर नसलेल्या शिकारीवर झेपावू लागली.

म्हणजे हे लुळेपण आपल्याला राखतं. स्वप्नात आपण पळतो, मारामारी करतो. ते सगळं अंथरुणात घडू नये म्हणून मेंदूचा बुंधा हातापायांच्या चेतापेशींना गप्प करतो. ग्लायसिन आणि गाबा ही दोन रसायनं मिळून हे काम करतात, असं टोरंटो विद्यापीठात उंदरांवर झालेल्या संशोधनातून २०१२ मध्ये पुढे आलं. सूट मिळते ती मुख्यतः डोळ्यांच्या स्नायूंना आणि श्वासपटलाला, म्हणजे फुप्फुसांखालच्या श्वास चालवणाऱ्या पडद्याला.

कधीकधी जाग आधी येते आणि हा बंध सुटायला थोडा उशीर होतो. खोली खरी दिसते, आवाज खरे ऐकू येतात, पण शरीर अजून रेम झोपेत असतं. स्वप्नही पुरतं संपलेलं नसतं. ते या खऱ्या खोलीतच उतरतं.

रात्रपाळीवाल्यांना हे का गाठतं, तेही यातच आहे. शरीराच्या घड्याळानुसार रेम झोपेचा जोर पहाटे आणि सकाळी असतो. रात्रभर मशीनवर उभं राहून सकाळी पडलेला माणूस थेट त्या लाटेत शिरतो, वर झोपेची थकबाकी असतेच. बाहेर रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या. झोप सारखी मोडते. परीक्षेच्या दिवसांत जागणाऱ्या मुलांचंही तेच. २०११ च्या एका आढाव्यात जगभरातली ३५ संशोधनं एकत्र केली होती. आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेले लोक सर्वसाधारणपणे ७.६ टक्के निघाले, विद्यार्थ्यांमध्ये मात्र २८ टक्क्यांच्या पुढे.

छातीवरचं ओझं? रेम झोपेत बरगड्यांमधले स्नायू ढिले असतात, श्वास चालतो तो श्वासपटलावर. घाबरलेला माणूस जोर लावून मोठा श्वास घ्यायला जातो आणि छाती साथ देत नाही. कोणीतरी दाबून धरल्यासारखंच वाटतं. श्वास मात्र एकदाही थांबलेला नसतो. उताणं झोपणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो.

कपाटाजवळच्या त्या सावलीचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. भीतीची सूचना देणारा मेंदूतला अमिग्डला या झोपेत फार सक्रिय असतो. धोका जाणवतो पण दिसत काहीच नाही, तेव्हा मेंदू त्याला आकार देतो, असं एक मत आहे. मला त्याहून बोलकी वाटते ती स्वित्झर्लंडमधली २००६ ची नोंद. अपस्माराच्या तपासणीत एका पूर्ण जाग्या बाईच्या मेंदूला, कानाच्या वर थोड्या मागच्या भागात, सौम्य विद्युतप्रवाह दिला. तिला लगेच पाठीशी कोणीतरी जाणवलं. ती आडवी झाली की ते तिच्याखाली आडवं पडलेलं. ती गुडघ्यांना मिठी मारून बसली, तर तेही बसलं आणि त्याने तिला मिठीत घेतलं. आपल्याच शरीराचा हिशेब चुकला की तो परका माणूस होऊन उभा राहतो.

त्या माणसाला चेहरा मात्र ज्याचं त्याचं गाव देतं. आपल्याकडे मुंजा किंवा हडळ, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी. जपानी लोक याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे धातूने जखडल्यासारखं. इंग्रजी नाइटमेअरमधला मेअर म्हणजेही घोडी नव्हे. तो उरावर बसणारा जुना भूतप्रकारच.

भाच्याला मी सांगितलं, झटापट करू नकोस, तिने भीती वाढते. श्वास चाललाय तिकडे लक्ष दे आणि फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न कर. काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत, हे आपोआप सुटतं. कुशीवर झोप, खिडकीला जाड पडदा लाव. हे वारंवार होत असेल, दिवसा अनावर झोप येत असेल किंवा हसताना अचानक गुडघे ढिले पडत असतील, तर नार्कोलेप्सी हा झोपेचा आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि लकवा वेगळा. जागं झाल्यावर एकाच बाजूची ताकद गेलेली असेल, तोंड वाकडं झालं असेल, तर क्षणभरही वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

बाहेरून कोणी अंगाला हात लावला, हाक मारली, तरी हा बंध बहुतेक वेळा तुटतो. बहिणीला हे सांगितल्यापासून त्याच्या रात्रपाळीच्या आठवड्यात ती सकाळची भाजी त्याच्याच खोलीच्या दाराशी बसून निवडते. आतून घशातल्या घशात कण्हल्यासारखा आवाज आला की मेथीची जुडी खाली ठेवते, आत जाते आणि त्याचा खांदा हलवते.